पाच किलो तीनशे ऐंशी ग्रॅम

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांची ही गोष्ट. मास्तर गणिताचे. चौतीस वर्षं शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत एक नियम कधी मोडला नाही: उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवल्या नसतील तर गुण नाहीत. पुस्तकाच्या मागं बघून उत्तर आधी लिहायचं आणि मग मधल्या पायऱ्या कशातरी जुळवायच्या, हे करणारा मुलगा ते वही उघडताक्षणी ओळखत.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा मास्तरांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर भांडी घासून निघाली, गाद्या टाकून दिल्या, लोखंडी कपाट उन्हात वाळलं. पुस्तकांना मात्र काही करता आलं नाही. पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या चिखलाच्या विटा झाल्या होत्या. त्या विटा फावड्यानं भरून ट्रॉलीत टाकल्या. त्यातच 1974 सालचा एक दिवाळी अंक गेला.

त्या अंकात मास्तरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, कथा होती. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या, लग्न ठरायचं होतं. एकच कथा लिहिली, ती छापून आली, आणि पुढं संसारात लिहायचं राहून गेलं. कथा साधी होती. घर सोडून गेलेली एक मुलगी आणि ओसरीवर दिवा लावणारी तिची आई. शेवटचं वाक्य काकूंनी लिहिलं होतं, ‘ती परत आली नाही.’ छापताना ‘नाही’ गळलं. अंकात वाक्य आलं, ‘ती परत आली.’ काकूंनी संपादकांना पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या प्रतीत शाईनं ‘नाही’ लिहून टाकलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या अंक दाखवत आणि बोट ठेवून सांगत, “हे माझं, आणि हे छापखान्याचं.” पुरानंतर दाखवायला काही उरलं नाही. काकूंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण मास्तरांच्या मनात ते राहून गेलं.

2025 च्या सप्टेंबरात मास्तरांना तो अंक सापडला, फोनवर. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर नागपूरच्या कुणी रद्दीवाल्यानं नऊ दिवाळी अंकांचा गठ्ठा विकायला लावला होता. किर्लोस्कर, स्त्री, मनोहर, आणखी काही. त्यांत काकूंचा अंकही होता. मुखपृष्ठाचा कोपरा फाटलेला, पण चित्र ओळखू येत होतं. अंक सुटे मिळणार नव्हते, गठ्ठाच घ्यायला हवा होता. किंमत ₹1,350, पोस्टेज ₹100. मास्तरांनी 6 सप्टेंबरला शनिवारी दुपारी काकू झोपल्या असताना पैसे भरले. यंदा पाडव्याला ओवाळल्यावर ताटात हाच अंक ठेवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी निरोप आला. “सर पोस्टेज 460 होऊन राहिलं. वरचे 360 या नंबरवर टाका, मग पाठवतो.” खाली फोन नंबर.

मास्तर भडकले, आणि त्यांच्या भडकण्यामागं त्यांचं म्हणून एक कारण होतं. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. तिचं काम सांगलीत पोचल्यावर मास्तर त्यात होते. वजनमापं तपासायला दुकानादुकानांतून हिंडले होते. दगडाचं वजन वापरणाऱ्याला त्यांनी भर बाजारात उभं केलं होतं. शिवाय ज्ञान पोस्टाची बातमी त्यांनी वाचलेली होती. 1 मे 2025 पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी ती सेवा सुरू केली आहे. 300 ग्रॅमपर्यंत ₹20, पाच किलोपर्यंत ₹100, वर कर. म्हणजे शंभर रुपयांचं काम आणि हा माणूस चारशे साठ मागतोय!

त्यांनी उत्तर लिहिलं. त्यात ज्ञान पोस्टाचा दर होता, ग्राहक कायद्याचं नाव होतं, आणि शेवटी ‘तुम्ही चोर आहात’ हेही होतं. एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून त्या विक्रेत्याच्या पानावर एक तारा देऊन तोच शब्द पुन्हा लिहिला.

त्यानंतर नागपूरहून काहीच आलं नाही. ना उत्तर, ना अंक, ना पैसे. मास्तर दिवसातून दहादा फोन उघडून बघत. आठवड्यानं त्यांनी पुन्हा लिहिलं, जरा जास्त कडक. तरी शांतता. खरं सांगायचं तर अशा शांततेत माणूस स्वतःशीच खटला चालवत बसतो आणि दर वेळी स्वतःच्याच बाजूनं निकाल देतो. मास्तरांचं तेच चाललं होतं. जेवताना घास हातात राहायचा. काकू विचारायच्या, “अहो, पेन्शनचं काही अडलंय का?”

18 तारखेला नात कोल्हापूरहून आली. ती तिथं वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तिला मास्तरांनी गच्चीवर नेऊन सगळं दाखवलं, अगदी पहिल्या निरोपापासून. तिनं शांतपणे वाचलं आणि एकच विचारलं.

“आबा, गठ्ठ्याचं वजन किती?”

“त्याच्याकडे आहे गठ्ठा. मला काय ठाऊक?”

“मग शंभर रुपयांत जातो हे कशावरून?”

मास्तर काही बोलले नाहीत.

“तुम्ही उत्तर आधी लिहिलंत आबा,” नात म्हणाली. “पायऱ्या कुठं आहेत?”

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मास्तरांनी मानलं नसतं. पण वाक्य त्यांचंच होतं. लहानपणी या मुलीच्या वहीवर लाल शाईनं त्यांनी ते कितीदा लिहिलं असेल. ते उठले. पुरानंतरच्या सहा वर्षांत घरात पुन्हा दिवाळी अंक जमले होतेच. त्यांतले नऊ काढले, पिशवीत भरले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदारानं काट्यावर पिशवी ठेवली. पाच किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. पुठ्ठा, प्लॅस्टिक, खोका यांचं वजन अजून वेगळं.

तिथून दोघं टपाल कार्यालयात गेली. खिडकीमागची बाई कामात होती, तरी तिनं पिशवीतले अंक पाहिले आणि सांगितलं, “सर, ज्ञान पोस्टात हे बसत नाही. एक तर पाच किलोच्या वर आहे. आणि वजन कमी केलं तरी नाही बसणार. व्यापारी किंवा नियतकालिक स्वरूपाचं छापील साहित्य त्यात घेत नाही आम्ही. दिवाळी अंक म्हणजे नियतकालिकाचाच अंक की, आणि आत निम्म्या जाहिराती. तुम्हाला पार्सलच करावं लागेल.”

“नागपूर ते सांगली, स्पीड पोस्टानं, सहा किलोच्या आत?”

बाईनं हिशोब केला. पहिल्या पाचशे ग्रॅमचा दर, पुढच्या प्रत्येक पाचशे ग्रॅमचा दर, अंतर दोनशे ते हजार किलोमीटरमधलं, वर 18 टक्के कर. आकडा आला ₹460.

नागपूरच्या माणसानं मागितला होता तोच, रुपयाचाही फरक नाही.

मास्तर बाहेर येऊन पायरीवर बसले. नातही शेजारी बसली. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात अवघड जागा हीच आहे, म्हणून इथं जरा थांबतो. कारण इथून माणूस दोन्हीकडे वाहवत जातो. आतापर्यंत समोरचा चोर होता, आता एकदम देवमाणूस होतो. मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, “तीनशे साठ टाकून देतो त्याला. आत्ताच.”

नातीनं त्यांचा हात धरला. “त्यानं दिलेल्या नंबरवर? साइटच्या बाहेर? आबा, बाहेर दिलेल्या पैशाची साइटकडे नोंदच राहत नाही. उद्या अंक नाही आला तर साइट हात वर करेल, आणि त्यात तिची चूकही नसेल.”

“पण तो खरं बोलत होता.”

“पोस्टेजचा आकडा खरा होता. पण तो त्यानं पैसे घेतल्यावर सांगितला. 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत ना, त्यांत स्पष्ट आहे, विक्रेत्यानं एकूण किंमत आधीच दाखवायची आणि पोस्टेज, हाताळणी, कर हे सगळं त्यात फोडून सांगायचं. त्यानं शंभर दाखवले, म्हणजे चूक त्याची. चोरी नाही, चूक. तुम्ही चोर म्हणालात, ती तुमची चूक. दोन्ही चुकांची बेरीज एकत्र कशाला करता?”

पायरीवर बसल्या बसल्या मास्तरांनी पिशवीतला एक अंक हातात घेऊन तोलला. मग परत आत गेले आणि तो एकटाच काट्यावर ठेवायला सांगितला. 590 ग्रॅम. पुठ्ठा धरून किलोच्या आत. “एवढाच पाठवला तर?” बाई म्हणाली, “साधारण एकशे सहा.”

घरी येऊन त्यांनी पत्र लिहिलं. दोन तास लागले, कारण प्रत्येक वाक्य नातीला वाचून दाखवत होते आणि ती त्यांतली विशेषणं खोडत होती. शेवटी उरलं ते असं होतं. मी तुम्हाला चोर म्हटलं, ते वजन न करता म्हटलं. आज मी नऊ अंक तोलून टपाल कार्यालयात विचारलं, तुमचा 460 चा आकडा बरोबर आहे. तो शब्द मी मागं घेतो आणि तुमच्या पानावरूनही काढतो आहे. पण किंमत दाखवताना तुम्ही पोस्टेज शंभर सांगितलं होतं आणि साइटच्या बाहेर मी पैसे देणार नाही. मला यांतला एकच अंक तातडीनं हवा आहे. तो एकटा एकशे सहा रुपयांत येईल. तो आधी पाठवा. उरलेल्या आठांचे पैसे साइटवरून परत करा आणि त्यांची वेगळी विक्री खऱ्या पोस्टेजसह लावा. ते आठही मी घेईन. शुक्रवार, 26 सप्टेंबरपर्यंत मला पावतीचा नंबर कळवा.

तारीख नातीनं घातली होती. त्या साइटवर मागणीपासून एकवीस दिवसांत तक्रार करावी लागते, ती मुदत 27 ला संपत होती.

एक तारा काढायला मात्र तिनं मदत केली नाही. “ते तुमचं तुम्ही करा,” म्हणाली. मास्तरांनी केलं.

चार दिवसांनी, घटस्थापनेच्या दिवशी, उत्तर आलं. लिहिणारा त्या रद्दीवाल्याचा भाचा होता. कॉलेजात शिकणारा, साइटचं सगळं तोच बघायचा. त्यानं लिहिलं की ज्ञान पोस्टाचं त्यानंही फक्त ऐकलं होतं, म्हणून शंभर लावले. मामा गठ्ठा घेऊन पोस्टात गेले, तासभर रांगेत उभे राहिले आणि खिडकीवरून परत आले. दुकान एकट्याचं, बंद ठेवता येत नाही, म्हणून पोस्टात फक्त शनिवारी जाणं होतं. ‘चोर’ वाचल्यावर मामांनी गठ्ठा माळ्यावर टाकला आणि पैसे परत करून टाक म्हणाले. “मीच करायचा राहिलो सर, परीक्षा होती. तुमचं पत्र मामांना वाचून दाखवलं. शनिवारी पाठवतो.”

मास्तरांना हायसं वाटलं. नातीला फोन करून त्यांनी सांगितलं, आता तक्रारीची गरज नाही.

“पाठवतो म्हणालेत की पाठवलंय?”

“शनिवारी पाठवतोय.”

“शनिवार म्हणजे 27. तुमची मुदत त्याच दिवशी संपते. त्या दिवशी पाऊस पडला, त्यांना ताप आला, पोस्टाचं यंत्र बंद पडलं, तर रविवारी तुमच्याकडे काय उरतं?”

“अगं, माणूस एवढं बोलतोय आणि मी त्याच्यावर पुन्हा तक्रार करू? चांगलं दिसतं का ते?”

मास्तरांना हे खरंच जड जात होतं. एकदा आरोप करून लाज वाटलेला माणूस पुढच्या वेळी गरजेपेक्षा जास्त सैल सोडतो. नातीनं वाद घातला नाही. ती म्हणाली, “आबा, तक्रार म्हणजे शिवी नव्हे. तुम्ही पंचायतीत असताना पावती ठेवा म्हणून लोकांना सांगायचात ना, तेव्हा काय प्रत्येक दुकानदार चोर होता? त्यांना आधी कळवा आणि मग करा. लपून करू नका.”

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पावतीचा नंबर आला नाही. मास्तरांनी नागपूरला दोन ओळी लिहिल्या: माझी मुदत उद्या संपते म्हणून आज नोंद करतो आहे. तुमच्यावर अविश्वास नाही. अंक पोचला की त्याच दिवशी मागं घेईन. मग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवली. त्यातही विशेषणं नव्हती. तारखा, रकमा, वजनं आणि दोन्ही बाजूंचे निरोप जसेच्या तसे. नियमाप्रमाणं अठ्ठेचाळीस तासांत पोच मिळायला हवी आणि महिन्याच्या आत निवारण व्हायला हवं. पोच दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळाली. तेवढ्यानंही न भागतं तर सरकारचा 1915 हा ग्राहक मदतीचा नंबर होताच, तो नातीनं कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. काकूंनी तो गॅसवाल्याचा समजून एकदा फिरवलाही, पण ते वेगळं.

नागपूरहून राग आला नाही. आला तो पावतीचा फोटो, शनिवारी दुपारी. वजन 640 ग्रॅम. ₹106.

30 तारखेला पोस्टमननं अंक आणून दिला. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, वर प्लॅस्टिक, त्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद, चारी बाजूंनी सुतळी. फाटलेल्या कोपऱ्याला आतून पातळ कागद चिकटवला होता. ते कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी पुठ्ठे बाजूला ठेवले, टाकले नाहीत. त्याच दिवशी तक्रार मागं घेतली. विक्रेत्याच्या पानावर लिहिलं: ‘पोस्टेज आधी चुकीचं सांगितलं गेलं, नंतर खरं सांगितलं. मागणीपासून अंक हाती यायला 24 दिवस. पोस्टाचे काम शनिवारीच करतात, घाई असेल तर आधी विचारा. अंक वर्णनाप्रमाणे. बांधणी उत्तम, मी पाहिलेल्यांत सर्वांत चांगली. जादा सहा रुपये आणि पुठ्ठ्याचा खर्च त्यांनी सोसला.’ मग तारे किती द्यायचे यावर बराच वेळ विचार केला आणि चार दिले.

आठवड्याभरात उरलेले आठ अंक नव्या किमतीला साइटवर लागले. पोस्टेजच्या रकान्यात या वेळी तोलून काढलेला आकडा होता, आणि खाली ‘पार्सल दर शनिवारी निघते’ अशी ओळ. मास्तरांनी ते घेतले. त्या आठांची त्यांना गरज नव्हती, पण शब्द दिला होता.

पाडवा 22 ऑक्टोबरला होता. सकाळी रांगोळी झाली, मास्तर पाटावर बसले, काकूंनी ओवाळलं. मास्तरांनी पाठीमागून अंक काढून ताटात ठेवला.

काकूंनी आधी निरांजन बाजूला सरकवलं, कागदाला आच लागेल म्हणून. मग चष्मा शोधला. अनुक्रमणिका पाहिलीच नाही, सरळ मधलं पान उघडलं. एक्कावन्न वर्षांपूर्वीचं पान त्यांच्या बोटांना अजून ठाऊक होतं. त्या उभ्या उभ्याच वाचू लागल्या. मास्तर पाटावरून उठले नाहीत. नात दारात थांबली.

शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या. ‘ती परत आली.’ कोरी, स्वच्छ, शाईची खूण नसलेली ओळ. काकूंनी हात पुढं केला.

“पेन द्या हो जरा.”

मास्तरांनी खिशाचं पेन काढून दिलं. काकूंनी टोपण काढलं, ओळीवर टोक टेकवायला गेल्या आणि तशाच राहिल्या. दारात उभ्या असलेल्या नातीकडे त्यांनी पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि टोपण लावलं. “आली तर आली.”